देव्हाऱ्यातला रंधा

“आई, बाबा आहेत ते!” दामोदर ओरडला, पण तोवर आईनं देव्हाऱ्यातला जुना रंधा उचलून रॉकेलमध्ये बुडवलाही होता.

“तुझ्या बाबांना गंज चढलाय,” आई म्हणाली.

सुतारकाम करणारे बाबा गेले, तेव्हापासून सात वर्षं दामोदर त्यांच्या रंध्याची पूजा करत होता. रोज पळीभर पाणी, हळद-कुंकू, अक्षता. काम मात्र विजेच्या मशीनवर. आज वीज नव्हती आणि संध्याकाळच्या कीर्तनात बुवा ज्यावर उभे राहणार, तो नवा चौरंग अजून खरखरीतच होता. गेल्या वर्षी असल्याच फळीची कूस तळपायात शिरली, तेव्हा नाचता नाचता बुवांच्या तोंडून देवाच्या नावाऐवजी भलतंच निघालं होतं.

आईनं रंध्याच्या फटीतल्या अक्षता टोकरून काढल्या, पातं दगडावर घासलं आणि केसाएवढं बाहेर ठेवून पाचर ठोकली. चाळीस वर्षं नवऱ्याला धार तिनंच लावून दिली होती.

“मार आता.”

दामोदरनं मनातल्या मनात माफी मागून रंधा फळीवर ढकलला. सर्रर्र! लांब, पातळ पापुद्रा वेटोळं घेत बाहेर आला. सात वर्षांनी घरात तो आवाज झाला आणि दामोदरचे डोळे भरले.

“बोलले बघ,” आई म्हणाली. “तोंडात तांदूळ कोंबल्यावर कसे बोलणार बिचारे?”

चौरंग गुळगुळीत झाला. दामोदरचा हात सवयीनं कुंकवाच्या करंड्याकडे गेला. आईनं त्यावर चापट मारली.

“तेल लाव त्यांना. आणि उद्यापासून पूजा फळीवर करायची.”