समोरच्या गच्चीवरचा दिवा

"अहो, उद्या निघण्याआधी तरी दादांना भेटून या," बायको म्हणाली.

शिंप्याने गच्चीवर मांडलेल्या कॅमेऱ्यावरून नजर काढली नाही. "आधी त्याच्या गच्चीवरचा दिवा विझवायला सांग. मग भेटतो."

"दिवा जिन्याचा. सगळ्या इमारतीचा. बटण त्यांच्या हातात थोडंच आहे?"

"माझ्यासाठी काही करायचं म्हटलं की त्याच्या हातात कधीच काही नसतं."

दादा म्हणजे थोरला भाऊ, समोरच्याच इमारतीत राहणारा. जन्मभर टपालाची पिशवी वाहून त्याचा डावा खांदा उतरला होता. वडिलांच्या आजारपणात त्याने पाठ फिरवली, म्हणून शिंप्याने बोलणं टाकलं, ते टाकलंच.

बायको सुस्कारा सोडून उठली. "शेजारणीचा डबा देऊन येते," म्हणत जिना उतरली.

शिंप्याला आज फक्त ती दूरची दीर्घिका हवी होती. असंख्य ताऱ्यांचा तो धुरकट पुंजका या दिवसांत तिन्हीसांजेनंतर समोरच्या छपरावर जेमतेम डोकं वर काढायचा आणि बुडायचा. नेमका त्याच्याखालीच तो मेला दिवा. दरवर्षी फोटोत नुसता पिवळा धूर. आणि उद्यापासून मुक्काम लेकीच्या शहरात, तिथे आकाश नावालाच. आज नाही तर कधीच नाही.

अंधार दाटला. आणि दिवा गेला.

"बल्ब उडाला!" शिंपी लहान मुलासारखा हरखला.

कॅमेरा एकामागून एक फोटो घेत राहिला. वारा मऊ होता, खालची गल्लीही गुंगल्यासारखी झाली होती. जगात सुई नव्हती, दोरा नव्हता, तेव्हा निघालेला उजेड वाटेत कुठे न अडता आज आपल्या गच्चीवर उतरतोय, या विचारात तो मान वर करून आकाशाकडेच बघत राहिला.

दीर्घिका बुडाली. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लागला. मग बायको वर आली.

"डबा द्यायला एवढा वेळ?"

"गप्पांत रमले. मिळाला का मनासारखा फोटो?"

"कळेल सकाळी."

सकाळी टेम्पो दारात उभा राहिला, तरी शिंपी कॉम्प्युटरपुढून हलेना. कापडाचे थर कापण्याआधी जुळवावेत, तसे सगळे फोटो एकावर एक जुळवायचे. जे जागेवर राहतं ते लख्ख उमटतं, जे हलतं ते पुसलं जातं. आकाश सरकतं, म्हणून जुळवणीची खूण ताऱ्यावर करायची. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. घाईघाईत शिंप्याने खूण केली ती समोरच्या छपराच्या कोपऱ्यावर.

फोटो उमटला. दीर्घिकेची नुसती पुसट रेघ झाली होती. त्याने कपाळावर हात मारून घेतला, आणि तो हात तिथेच राहिला.

छप्पर लख्ख आलं होतं. दिवा चालूच होता. त्याचा उजेड एका जाड चादरीच्या कडांतून झिरपत होता, आणि ती चादर दोन्ही हातांनी उंच धरून कुणीतरी पाठमोरं उभं होतं, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत तसंच, डावा खांदा उतरलेला.