बिनकामाची वस्तू

टाळेबंदीत लग्नं थांबली आणि माझ्या नवऱ्याचा बँडही बसला. घरभाडं थकलं. सासूबाई दिवसभर टीव्हीसमोर बसून आज कोरोनाने किती गेले ते ऐकायच्या आणि रात्री दचकून उठायच्या. नवऱ्याचं तर जेवणावरचं लक्षच उडालं होतं.

मोठे दीर बँकेत. त्यांचा फोन रोज ठरलेला, तोही स्पीकरवर, सगळ्यांना शहाणपण मिळावं म्हणून. "पैशाचं नियोजन शिका जरा! अडचणीत घरातली बिनकामाची वस्तू आधी काढायची असते. तो ट्रम्पेट विकून टाक. वाजवणार कुठे आता?" नवरा मान खाली घालून "हो दादा" म्हणायचा आणि फोन ठेवला की ट्रम्पेट पुसत बसायचा.

शेवटी एकदा मीच फोन ओढून घेतला. "पटलं तुमचं, भाऊजी. उद्याच विकते."

चार दिवसांनी त्यांनी विचारलं, "काय गं, विकलास ना?"

"विकला की! भाडं चुकतं झालं. सासूबाई रात्रभर घोरतात. हे दोन्ही वेळा पोटभर जेवतात."

"बघ! पैसा नीट हाताळला की डोकं शांत राहतं. मी काय ओरडून सांगत होतो?" भाऊजी एकदम खुशीत आले. तेवढ्यात आतल्या खोलीतून असा काही दणदणीत सूर निघाला, की ते दचकलेच.

"अगं, मग हे काय वाजतंय?"

 

"ट्रम्पेटच, भाऊजी. घरात बिनकामाचा होता तो टीव्ही."