ओली माती

कुंडी उपडी केली तर आतून पाणी गळालं.

लुंबिनीनं बाल्कनीत पेपर अंथरला होता. त्यावर मनीप्लांटाचा गड्डा पडला. माती काळी, चिकट. मुळं बोट लागताच भिजलेल्या शेवयांसारखी सुटून आली आणि तुंबलेल्या नालीचा वास सुटला. ती तशीच उकिडवी बसून राहिली. मागच्या रविवारपासून तिनं या झाडाला थेंबभर पाणी दिलं नव्हतं. नांदेडचं मार्चातलं ऊन आताच अंग भाजत होतं. मग ही ओल आली कुठून?

पानं का पिवळी पडतात, हे तिनं मोबाइलवर इतक्यांदा वाचलं होतं की पाठ झालं होतं. पाणी कमी पडलं तरी पिवळी, जास्त झालं तरी पिवळी. ऊन कमी, ऊन जास्त. खत नाही, खत फार. तिनं एकेक करून पाहिलं होतं. कुंडी उन्हातून आत सरकवली. तळाचं भोक दाभणानं मोकळं केलं. पिवळी पानं खुडली. शेवटी पाणीच बंद केलं, कारण वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका असं सगळीकडं लिहिलेलं. तर माती कोरडी व्हायचं नाव घेईना.

खरं तर झाडावाचून तिचं काही अडलं नव्हतं. पण याचं कारण तरी सापडेल, असं वाटायचं. लेकराचं सापडत नव्हतं.

प्रेम आत पाळण्यात झोपला होता. ऊन चांगलं वर आलं तरी झोपलेलाच. अजून वर्षाचाही नाही. सर्दी व्हायच्या आधी भिंत धरून उभा राहायचा, चमचा वाजला की रांगत यायचा. आता बसवलं तर बसल्या जागी मान टाकत होता. डोळे अर्धे मिटलेले, दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळतंय. दुखण्यातून उठलंय, अशक्तपणा असंल, असं शेजारच्या बाया म्हणाल्या. ती डॉक्टरांकडं परत गेली. त्यांनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, सर्दीचं औषध किती देता तेही विचारलं. तिनं मापासकट बरोबर सांगितलं. मग त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या आणि लातूरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांचं नाव दिलं. उद्या अश्वजित, तिचा नवरा, हिमायतनगरहून सुट्टीवर आला की लेकराला घेऊन निघायचं होतं.

लुंबिनी पुन्हा कॉलेजात शिकवायला जाऊ लागली तेव्हा प्रेमला सांभाळायला तिच्या सासूबाई, सरजाबाई, गावाकडून आल्या होत्या. या दोघींत कधी आवाज चढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. भाजी खारट झाली तर सून मुकाट पाणी पिऊन जेवायची. सुनेनं चालू ठेवलेला पंखा सासू मुकाट बंद करायची. बिल्डिंगमधल्या बाया कौतुक करायच्या, मायलेकीच वाटतात म्हणून. पण या आठवड्यात सरजाबाई सारख्या हिच्याकडं बघत होत्या, तोंडानं काही न बोलता. ते बघणं तिला टोचायचं. नोकरीपायी लेकरू टाकून जातीस, हेच त्यांच्या मनात असणार. विचारावं असं तिला दहादा वाटलं. विचारलं मात्र नाही.

सरजाबाई बाल्कनीच्या दारात आल्या. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. पेपरावरचं झाड बघून थबकल्या.

लुंबिनीनं तांब्याकडं पाहिलं.

"आत्याबाई, तुम्ही याला पाणी घालता?"

"मंग? रोज सकाळी बुद्धवंदना झाली की घालून राहिले." त्या जराशा ओशाळल्या. "तू कालिजाच्या गडबडीत इसरतीस, म्हनून."

बोलून दाखवलं तर तुला लागंल, म्हणून गप राहिले, असंही त्या म्हणाल्या. लुंबिनीनं सांगितलं की तीही घालायची, मागच्या रविवारपर्यंत, रोज भल्या सकाळी घराबाहेर पडायच्या आधी. सरजाबाई अंघोळीला गेलेल्या असायच्या तेव्हा. त्यांनी तोंडाला पदर लावला. दोघी दोघी पाजून राहिलो, मग फुगून मरंल नाही तर काय करंल बिचारं, म्हणाल्या. दोघींना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

लुंबिनीला हलकं वाटलं. निदान एका गोष्टीचं कारण सापडलं होतं. सडकी मुळं कापून टाकायची, एखादी हिरवी वेल राहिलीय ती कोरड्या मातीत लावायची, असं ती सांगू लागली. जगेल. फक्त यापुढं पाणी एकीनंच घालायचं, आणि घातलं की दुसरीला सांगायचं. सरजाबाई मान डोलवत ऐकत होत्या.

मग त्यांची मान थांबली.

हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. त्यांनी तांब्या खाली टेकवला. तो कलंडला, पाणी पेपराखाली शिरलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या आत पाळण्याकडं बघत होत्या.

"लुंबिनी," त्या हळूच म्हणाल्या, "लेकराला सकाळचं औषध... तू बी पाजून जातीस का गं?"