सगळ्यांचं तळं

“अण्णा, पाण्याला हात लावू नका!”

सुशील इतक्या मोठ्यांदा ओरडला, की टाउपो तळ्याच्या काठावर कॉफी पीत बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. त्याचे वडील, काशिनाथराव, वाकलेले होते ते तसेच थांबले. ओंजळ पाण्यापासून वीतभर वर होती. त्यांनी ती मोडली आणि चार पावलं मागे सरकले. पंचाहत्तर वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक, पण शिक्षा झालेल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा राहिला.

सुशीलला हायसं वाटलं. कालपासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. तो इकडे परदेशात, टौरंगाच्या बंदरात इंजिनिअर. त्याचा साहेब ग्रॅहम दर वर्षी इकडचा उन्हाळा सरता सरता ऑफिसातल्या मोजक्या चार जणांना घेऊन इथे कॅम्पिंगला यायचा. त्या मोजक्यांत मोजलं जायला सुशीलला सहा वर्षं लागली होती. “ब्रिंग द होल फॅमिली, मेट,” ग्रॅहम म्हणाला होता. बायकोला, अस्मिताला, सुट्टी नव्हती. मग नऊ वर्षांची ओवी आली, आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले अण्णा आले.

अण्णांनी आल्या आल्या सामायिक नळावर घसा असा खाकरला, की शेजारच्या तंबूची चेन सरकवून कुणीतरी डोकं बाहेर काढलं. दुपारी ग्रॅहमच्या बायकोला त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर चिवडा दिला आणि ती खाईपर्यंत समोर उभे राहिले. सुशीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी त्याने अण्णांना बाजूला घेऊन नियम सांगितले. नळावर खाकरायचं नाही, कुणाला खायला द्यायचं नाही, हळू बोलायचं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, “हे तळं सगळ्यांचं आहे ना रे? कुणीही पाणी घेतलं तरी चालतं ना?”

“हो हो, पब्लिक आहे,” सुशील फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

आज सकाळी सगळे शॉर्ट्स आणि टोप्या घालून चालायला निघाले, तर अण्णा तंबूतून बाहेर आले ते पांढराशुभ्र शर्ट आणि पांढरी पँट घालून. कपडे बॅगेच्या तळाशी जपून आणले असणार, इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. “अहो, चिखल असतो वाटेत,” सुशील पुटपुटला. अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तासभर चालल्यावर मंडळी काठाशी थांबली. ग्रॅहमने थर्मास उघडून सगळ्यांच्या कपांत कॉफी ओतली. तेवढ्यात अण्णांनी बूट काढून शेजारी शेजारी नीट ठेवले, तळ्यापुढे हात जोडले आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणू लागले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मग अण्णा वाकले. आता हे इथलं पाणी पिणार, सगळ्यांदेखत, गावंढळासारखे, एवढंच सुशीलच्या डोक्यात आलं आणि तो ओरडला.

“ऑल गुड?” ग्रॅहमने विचारलं.

“सॉरी, सॉरी. ही डझन्ट नो,” सुशील हसून म्हणाला.

ओवी घोटाभर पाण्यात उभी होती. घरात मराठी ऐकायची आणि इंग्रजीत उत्तरं द्यायची, हा तिचा शिरस्ता. ती आजोबांकडे आणि मग बापाकडे बघत राहिली. “बट डॅडी, टोबी इज ड्रिंकिंग इट. व्हाय कान्ट आजोबा?”

टोबी म्हणजे ग्रॅहमचा कुत्रा. तो पोटापर्यंत पाण्यात शिरून लपालपा पाणी पीत होता. त्याला कुणी हटकलं नव्हतं.

सुशीलच्या हातातला कप तसाच राहिला. मघाशी तो जे ओरडला, ते वाक्य त्याच्या घरात कुणी कधी उच्चारत नसे. ते फक्त अण्णांच्या गोष्टीत यायचं. महाडच्या तळ्यावर गुरं पाणी प्यायची, कुत्री प्यायची, आणि त्याच्या पणजोबांना मात्र सांगितलं जायचं, पाण्याला हात लावू नका. सत्तावीस साली अण्णांचे वडील सतरा वर्षांचे होते. बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं त्या तळ्यावर गेली, त्यांत तेही गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. दर वर्षी त्या दिवशी अण्णा पांढरे कपडे घालायचे आणि असतील तिथल्या सार्वजनिक पाणवठ्यावर ओंजळभर पाणी घ्यायचे. लहानपणी सुशीलनेही त्यांचं बोट धरून घेतलं होतं.

त्याने घड्याळावरची तारीख पाहिली. वीस मार्च.

कालपासून त्याला अण्णांची लाज वाटत होती. आता स्वतःची वाटली, आणि ती कुठे लपवावी ते कळेना. कप टाकून तो बुटांसकट पाण्यात शिरला, ओंजळ भरली आणि धावत अण्णांपुढे येऊन उभा राहिला. ग्रॅहम बघत होता. बघेना का. पाणी बोटांतून गळत होतं.

“चुकलो, अण्णा. घ्या. प्या ना.”

अण्णांनी त्याच्या ओंजळीकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ओवीला हाक मारली, तिचा हात हातात घेतला.

“कुणी वरून ओतलेलं पाणी माझ्या आजोबांना तेव्हाही मिळायचं, सुशील,” ते म्हणाले. “बाजूला हो. माझं मी घेतो.”