मोडताना

विद्यापीठाने समकालीन कलेचं संग्रहालय बंद करून तिथे परीक्षा विभाग हलवायचं ठरवलं. संग्रहालय सांभाळणाऱ्या मृदुलाताईंनी कलाकारांना फोन केले, तशी सगळ्यांनी आपापली कामं नेली. दिवंगत शिल्पकार गवाणकरांचा प्लास्टरचा पुतळा तेवढा उरला. कोणी न्यायला आलं नाही तर तो मोडायला मजूर बोलावला होता.

शेवटच्या दिवशी गवाणकरांच्या पत्नी आल्या. मृदुलाताईंना हायसं वाटलं. "टेम्पो मागवू का?"

"न्यायला नाही, मोडताना बघायला आलेय. ह्याच्यापायी त्यांना आम्ही कधी दिसलोच नाही."

मृदुलाताईंनी खूप विनवलं. बाई ऐकेनात. शेवटी मृदुलाताईंनी मजुराला खूण केली. त्याने हातोडा उगारला, तशा बाई किंचाळल्या, "अहो, थांबा!"

पण घाव बसला होता. पुतळ्याचं डोकं फरशीवर पडून फुटलं. बाई खाली बसून तुकडे जुळवू लागल्या. ते काही जुळेनात.