दोनशे तेरावी ओळ

आमच्या सर्वेक्षणाच्या प्रमुख मॅडमची शिस्त कडक होती: आधी किमान, कमाल, सरासरी डोळ्यांखालून घालायची, मगच पुढचं विश्लेषण. मी सकाळपासून या खोलीत बसून लोकांचे दोनशे बारा फॉर्म संगणकात भरले होते, एका फॉर्मची एक ओळ. सॉफ्टवेअर म्हणे, दोनशे तेरा.

'रोज किती तास एकाच खोलीत काढता?' या प्रश्नाचं कमाल उत्तर होतं एकसष्ट हजार तीनशे वीस. म्हणजे सात वर्षं!

त्या जादा ओळीतलं वय माझं होतं, उंचीही माझीच. कुणाची तरी थट्टा असणार. मी ओळ खोडली आणि आकडे पुन्हा काढले. ओळी दोनशे तेराच. कमाल मात्र एकाने वाढलेली.

सकाळी उघडंच ठेवलेलं खोलीचं दार आता लागलेलं होतं. ओढलं, हलेना. मॅडमना फोन लावला.

"मॅडम, एक ओळ जास्त येतेय."

पलीकडून त्यांचाच, पण थकलेला, म्हातारा आवाज आला.

"अरे, तू अजून आतच आहेस?"