पसंतीवर आणलेली खोली

पलंगावर बसायचं नाही.

खिडकीला पडदा आहे. पडद्यामागे खिडकी नाही.

"दिवा ने, पण पेटवू नकोस बाबा. काळा पडला की माझ्या गळ्यात." हे दिवेवाली म्हणाली.

मेव्हणीच्या फ्लॅटला लिफ्ट आहे.

एक कापडी हत्ती. किमतीची चिठ्ठी त्याच्या कानाच्या आत दुमडून ठेवलेली.

हे सगळं एकाच खोलीसाठी चाललं होतं. खोली दुकानाच्या मागे होती, आणि तपासणीच्या बाई तिच्या दारात उभ्या होत्या.

कालपर्यंत ती खोली म्हणजे गोदाम होतं. चादरींचे गठ्ठे, पायपुसण्यांची चळत, सुट्ट्या लागल्या की घर सजवायला लोक नेतात त्या कागदी माळांची खोकी. मधल्या चिंचोळ्या जागेत एक सतरंजी, आणि सतरंजीवर दुकानदार आणि भिंगरी. भिंगरी ही त्याची पोर, पहिलीतली. एका जागी म्हणून ठरत नाही, म्हणून शेजारच्या गादीवाल्याने ठेवलेलं नाव. बायको गेल्यापासून दोघांचं असंच चाललं होतं. मग मेव्हणीने पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला. गोदामात का कुठे मूल वाढतं, मी नेते तिला, असं तिचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. म्हणून तर, कोर्टाकडून बाई घर बघायला येणार हे कळताच, त्याने खोली सजवायला घेतली.

त्या गल्लीत एक रीत होती. वस्तू पसंतीवर न्यायची, घरी मांडून बघायची, नाही शोभली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत. फक्त चिठ्ठी निघता कामा नये, डाग पडता कामा नये, सुरकुती दिसता कामा नये. गिऱ्हाईक एखादी उशी नेई, एखादं घड्याळ नेई. त्याने अख्खी खोली नेली.

"याला पसंतीवर म्हणतात होय रे? हा तर दरोडा झाला," असं म्हणत गादीवाल्याने पलंगाचं दुसरं टोक स्वतःच उचललं. गठ्ठे दिवेवालीच्या माळ्यावर गेले. भिंगरी झोपली ती सतरंजीवरच, नव्या पलंगाशेजारी, त्याला पाय लागू नये म्हणून अंग चोरून.

आता बाई आत आल्या. त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. घाबरला की दुकानदाराला एकच भाषा सुचायची, माल खपवायची.

"पडदा बघा मॅडम. इथलाच माल आहे, आपल्याच विणकरांचा. कितीही धुवा, रंग हलणार नाही."

बाईंनी पडदा बघितला. म्हणजे बाजूला सारून बघितला. मागे भिंत होती. ओलीने तिचे पोपडे सुटले होते.

"हवा दारातून येते," तो म्हणाला. "भरपूर येते."

बाईंनी दिव्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. दिव्याची वायर गुंडाळून, रबर लावून, टेबलामागे ठेवलेली होती. ती त्यांना दिसली. त्यांना दिसली हे त्याला दिसलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि टेकायला म्हणून पलंगाकडे वळल्या.

"नका बसू!"

भिंगरी किंचाळली होती. दोन्ही हात पसरून ती पलंगासमोर उभी राहिली. "चुरगळली तर गादीवाले काका परत घेणार नाहीत! बाबांना ओरडतील ते!"

बाहेर दुकानात कुणीतरी "आहे का कुणी?" अशी हाक मारली, वाट पाहिली आणि निघून गेलं. आपलं काय चुकलं ते पोरीला बापाच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तिचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "मीच पढवलंय तिला. यातलं काहीच आमचं नाही, मॅडम. हत्तीसुद्धा नाही. सतरंजी आमची आहे, ती पलंगाखाली कोंबलीय."

तो आणखीच वाहवत गेला.

"मी खिडकी पाडून घेतो. पलंग घेतो, हप्त्याने घेतो. म्हणाल तर दुकान विकून नोकरी धरतो, कुठलीही. पण हिला नेऊ नका. हिला नेलंत तर संध्याकाळी दुकान बंद करून मी जायचं कुणाकडे?"

बाईंनी खाली वाकून सतरंजी ओढून काढली, झटकली आणि तिच्यावर बसल्या.

"हे सामान परत कधी द्यायचंय?"

"आज संध्याकाळपर्यंत."

"मग आत्ताच देऊन टाका. उगीच कुणाचं तरी नुकसान व्हायचं." त्यांनी भिंगरीला शेजारी बसवलं. "खिडकीचं मात्र खरंच मनावर घ्या. पोरगी इथेच राहील. मी कालच तसं कळवलंय."

"काल?" तो म्हणाला. "पण काल तर तुम्ही खोली पाहिलीच नव्हती."

मागच्या शनिवारी, दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती तेव्हा, बाई त्या गर्दीत उभ्या राहून बघत होत्या. आणि हाकांवर हाका येत असताना दुकानदार पोरीची दुसरी वेणी पुरी घालूनच उठला होता.